अणुभट्टी आधी संगणकात फुटते

सड्यावरचा (धागाकर्ता)

यंदा शिमग्याला गावी होतो. पालखी दारात येऊन गेली आणि चार जण पडवीत टेकले. त्यातल्या एका काकांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "तू म्हणे अणुभट्टीचं कंप्युटरवर करायचास. मग माडबनात झाली तर आमचं काय होईल ते दाखव की एकदा." मी वीसेक वर्षं अणुभट्ट्यांच्या सुरक्षेची गणितं केली आहेत, पण काकांना धड काही सांगता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा. माडबनच्या सड्यावर व्हायचा असलेला जैतापूर अणुप्रकल्प हवा की नको हा वाद इथे नको. त्यावर आधीचे धागे भांडून बंद झालेत.

आधी एक गोष्ट, जी कळली की बाकी सगळं कळतं. अणुभट्टी बंद केली म्हणजे ती विझत नाही. साखळी प्रक्रिया काही सेकंदांत थांबते, पण इंधनात तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्यं आपापल्या गतीने उष्णता सोडत राहतात. चूल विझवली तरी निखारे धगधगतात तसं, फक्त या निखाऱ्यांवर राख लोटता येत नाही. जैतापूरसाठी ठरलेली ईपीआर या फ्रेंच जातीची एक भट्टी १६५० मेगावॉट वीज देते, तेव्हा आत साधारण ४५०० मेगावॉट उष्णता तयार होत असते. बंद केल्या क्षणी त्यातली ६-७ टक्के शिल्लक, म्हणजे ३०० मेगावॉटच्या आसपास. तासाभराने दीड टक्का. दुसऱ्या दिवशी अर्ध्या टक्क्याच्या जवळपास, तरी ते २० मेगावॉट होतात. एवढी उष्णता पाण्याने सतत वाहून न्यायची. पाणी थांबलं की इंधन तापतं, वितळतं. आमच्या धंद्यातलं निम्मंअधिक गणित या एका वाक्याभोवती फिरतं.

संगणकात काय करतो? भट्टी, पंप, बॉयलर, पाइप यांचे शेकडो तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात पाणी किती, वाफ किती, दाब, तापमान, वेग. पाण्यासाठी वस्तुमान, संवेग आणि ऊर्जेची तीन समीकरणं, वाफेसाठी तीन. मग एक पाइप "फोडायचा". पुढच्या प्रत्येक मिलिसेकंदाला काय होतं ते हिशोबत जायचं. अमेरिकेतल्या आयडाहोच्या प्रयोगशाळेत बनलेला रिलॅप हा संगणक-कोड जगभर यासाठी वापरतात, फ्रेंचांचा कॅथार आहे, जर्मनांचा ॲथलेट. इंधन वितळल्यानंतरचं चित्र काढायला मेलकोरसारखे वेगळे कोड.

शेवटी बघायचं काय, तर इंधनाच्या नळीचं तापमान. नळी झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असते. फार तापली की ती वाफेशी भिडते आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. अमेरिकन नियमाने १९७४ साली मर्यादा घातली ती १२०४ अंश सेल्सियसची. (असा वाकडा आकडा का? त्यांच्या फॅरनहाइटमध्ये तो बरोब्बर २२०० आहे.)

काकांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "बरं, मग?" खरा प्रश्न तोच आहे. विचारा.

कैरी

वाचनखूण साठवली. चुलीचं उदाहरण आवडलं. एक बाळबोध प्रश्न: संगणक चुकीचं सांगत नाहीये, हे कोण तपासतं? तुम्हीच गणित करणार आणि तुम्हीच पास होणार?

सड्यावरचा

बाळबोध अजिबात नाही. कोड तपासायला खरं काहीतरी फोडावं लागतं. अमेरिकेत आयडाहोलाच त्यासाठी लॉफ्ट नावाची ५० मेगावॉट उष्णतेची छोटी अणुभट्टी बांधली होती, मुद्दाम अपघात घडवण्यासाठी. डिसेंबर १९७८ मध्ये भट्टी चालू असताना मोठा पाइप फुटल्याची पहिली चाचणी झाली. गणिताने सांगितलं होतं त्याच्या आधीच इंधनाच्या नळ्या पुन्हा भिजल्या आणि थंड झाल्या. म्हणजे कोड घाबरट निघाला. चुकलाच, पण बऱ्या बाजूला चुकला. १९८५ मध्ये तिथेच शेवटी खरं इंधन वितळवून पाहिलं.

आपल्याकडचं उदाहरण तारापूरचं. तिथल्या ५४० मेगावॉटच्या भट्ट्यांना जे काँक्रीटचं कवच आहे, त्याची एक-चतुर्थांश आकाराची प्रतिकृती भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूरलाच बांधली. बारकॉम म्हणतात तिला. आत हवेचा दाब वाढवत नेऊन कुठे तडा जातो, कधी गळतं ते मोजायचं. त्याआधी देशोदेशीच्या गटांनी आपापल्या संगणकावर भाकितं करून ठेवायची. परीक्षेचा पेपर सोडवून मगच उत्तरं बघायची, तसं.

घोलवडकर

तारापूरचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. आमच्या घरापासून फार लांब नाही. १९६९ पासून चालू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, फुकुशिमाच्या पहिल्या युनिटच्या पिढीतल्या. आम्ही लहानपणापासून पाहतोय, चिकू पाहतो तशाच. २०११ ला जपानात त्सुनामीने फुकुशिमाच्या भट्ट्या गेल्यावर मात्र आई पहिल्यांदा म्हणाली, की समुद्र एवढा जवळ आहे हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

सरळसोट

कोकणातल्या लोकांना वीज हवी, पण प्रकल्प नको. मोबाइल चार्ज कशावर करता? फ्रान्सची जवळपास ७० टक्के वीज अणूवर चालते. तिथले लोक मेले का?

जांभा

@सरळसोट, धागाकर्त्याने पहिल्याच परिच्छेदात काय लिहिलंय ते वाचा. मग बोलू.

@सड्यावरचा, माझी शंका वेगळी आहे. तुम्ही जे फोडता ते "मोठा पाइप फुटला" असं फोडता. खरे अपघात तसे होतात का?

सड्यावरचा

नेमकं. आणि हीच आमच्या धंद्याची मोठी चूक होती.

सत्तरच्या दशकात सगळ्यांचं लक्ष मोठ्या पाइपवर. मोठं सांभाळलं की छोटं आपोआप सांभाळलं जाईल, असा समज. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या भट्टीत अपघात झाला, पण पाइप फुटलाच नाही. दाब सोडणारी एक झडप उघडली आणि मिटलीच नाही. पाणी हळूहळू जात राहिलं. नियंत्रण कक्षात एका टाकीची पातळी वर दिसत होती, म्हणून चालकांना वाटलं पाणी जास्त झालंय. त्यांनी आणीबाणीचं पाणी उलट कमी केलं आणि निम्म्याच्या आसपास गाभा (भट्टीतलं इंधन) वितळला. वाईट हे, की दीड वर्ष आधी ओहायोतल्या त्याच बनावटीच्या दुसऱ्या भट्टीत हीच झडप अशीच अडकली होती. तिथे वीसेक मिनिटांत लक्षात आलं, म्हणून निभावलं. अणुभट्ट्यांच्या धोक्यांवरच्या १९७५ च्या अमेरिकन रासमुसेन अहवालातही लहान गळतीचा धोका मोठीपेक्षा जास्त असल्याचं छापलेलं होतं.

नंतर सगळे कोड लहान गळतीसाठी नव्याने घासले गेले. रिलॅपची पाचवी आवृत्ती त्याच काळातली.

फळा-खडू

मी भौतिकशास्त्र शिकवतो. थोडं गणित आवडेल? सड्यावरचा यांनी अनिश्चिततेचं सांगितलंच नाही.

कोडात शेकडो आकडे घालावे लागतात आणि एकही नेमका माहीत नसतो. पाइपचा खडबडीतपणा, इंधनाची वाहकता, पंप किती सेकंदांत सुरू होईल. जुनी पद्धत अशी, की प्रत्येक आकडा वाईटात वाईट घ्यायचा. १९८८ पासून अमेरिकन नियमाने दुसरी वाट मोकळी केली: खरे वाटतील ते आकडे घ्या, पण किती चुकू शकता ते सांगा.

मग कोड किती वेळा चालवायचा? इथे विल्क्स नावाच्या गणितज्ञाचं सुंदर गणित आहे. वर्गात मी ते आंब्यांवर शिकवतो. बागेतून हजारो आंबे उतरलेत. डोळे मिटून ५९ उचला. त्यातला सगळ्यात वजनदार आंबा ढिगातल्या ९५ टक्के आंब्यांपेक्षा जड असेल, असं तुम्ही ९५ टक्के खात्रीने म्हणू शकता. कारण पन्नासावर नऊ आंबे उचलून सगळेच्या सगळे त्या खालच्या ९५ टक्क्यांतले निघण्याची शक्यता ०.९५ चा ५९ वा घात, म्हणजे ०.०४८५. पाच टक्क्यांच्या आत. ५८ घेतले तर जरा वर जातं. ढीग हापूसचा आहे की पायरीचा, यानेही फरक पडत नाही. अणुभट्टीतही हेच करतात. ५९ वेळा आकडे पिसून कोड चालवायचा आणि सगळ्यात तापलेली नळी १२०४ च्या खाली आहे का ते पाहायचं.

कैरी

५९ आंबे! आता पेटी घेताना मोजणार.

जांभा

सर, गणित झकास. पण ढिगाऱ्यात फणस असेल तर? म्हणजे ज्याचा विचारच केला नाही असं काही. ५९ काय, ५९ हजार आंबे उचलले तरी फणस कसा कळणार?

फळा-खडू

नाही कळणार. तुम्ही कुठला ढीग समोर ठेवलात त्यावर आहे. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही, सड्यावरचा यांनी द्यावं.

सड्यावरचा

फणस हा शब्द मी आता कायम वापरणार.

दोन फणस सांगतो. पहिला आपल्या देशातला. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेशातलं नरोरा अणुवीज केंद्र. टर्बाइनचं पातं तुटलं, थरथरीने हायड्रोजनच्या जोडण्या सैल झाल्या, आग लागली. आग केबलींवर गेली. रोजच्या विजेच्या केबली आणि डिझेल जनरेटरच्या केबली एकाच वाटेने गेलेल्या. गणितात दोन स्वतंत्र सोयी होत्या, खऱ्या भिंतीवर त्या शेजारी-शेजारी होत्या. १७ तास सगळं अंधारात. लोकांनी अंधारात वर चढून साखळी प्रक्रिया परत सुरू होऊ नये म्हणून हाताने झडपा उघडून बोरॉन सोडलं, आग विझवायचे डिझेल पंप लावून बॉयलरला पाणी दिलं. गाभ्यात पाणी पंपाशिवाय, नुसत्या तापण्या-थंड होण्याच्या फरकाने फिरत राहिलं. हे आपोआप फिरणं कोडाला बरोबर सांगता येत होतं. केबली एकत्र आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा फुकुशिमा, आणि हा जास्त बोचतो, कारण इथे फणस दिसला होता. संरक्षणाचा हिशोब ५.७ मीटरच्या लाटेसाठी. २००८ मध्ये भट्ट्या चालवणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी, सरकारी भूकंपतज्ज्ञांचं अनुमान घेऊन, संगणकावर गणित केलं. लाट १५.७ मीटरपर्यंत चढू शकते असं आलं. वरच्यांनी ते आणखी अभ्यासासाठी एका संस्थेकडे पाठवलं. भिंत झाली नाही. नियामकाला हा आकडा सांगितला तो ७ मार्च २०११ ला. लाट आली ११ मार्चला, १४-१५ मीटरची.

म्हणून कुणी "संगणकावर भरवसा ठेवायचा का" असं विचारलं की मला उत्तर देता येत नाही. तिथे संगणक बरोबर होता.

घोलवडकर

७ मार्च आणि ११ मार्च... हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

गलबत

मी विजयदुर्गचो. इतके दिवस नुसता वाचतंय, आज लिवतंय. मराठीत लिहितो.

लाटेचं सोडा. माडबनचा सडा समुद्रापासून २५ मीटर वर आहे असं आम्हाला सांगतात, ठीक. आमचा प्रश्न गरम पाण्याचा. ते कुठे जाणार, किती लांब, कुठल्या महिन्यात? तुमच्या कोडात आमचा बांगडा आहे का?

सड्यावरचा

गलबत, आधी हिशोब मांडतो, हा तुम्हीही कागदावर करू शकता. एका भट्टीत ४५०० च्या वर मेगावॉट उष्णता, १६५० वीज झाली. उरलेले जवळपास २९०० मेगावॉट समुद्रात. सहा भट्ट्या धरल्या तर साडेसतरा हजार. पाणी ७ अंशांनी तापवून सोडायचं ठरवलं तर दर सेकंदाला सुमारे ६०० घनमीटर पाणी लागतं. दिवसाला पाच हजार कोटी लिटरच्या वर. तापमान कमी ठेवायचं तर पाणी आणखी जास्त.

ते पाणी कुठे जातं ते समुद्राच्या प्रवाहाच्या कोडात बघतात. भरती-ओहोटी, वारा, तळाचा उतार घालून. त्यातून नकाशा निघतो: इथे ३ अंश जास्त, इथे १. बांगडा त्यात नसतो. एक अंशाने बांगडा काय करतो हे जीवशास्त्राचं काम आणि ते मोजायला वर्षानुवर्षं लागतात. आणखी एक, गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणीही वरच तरंगतं. असे थर धरायचे तर गणित फार जड होतं.

गलबत

पाणी तापला काय बांगडो खोल जाता, नायतर लांब जाता. मग आमची लहान होडी खय जातली? ह्यां कोडात घालूक नको, आमका विचारल्यार पुरे.

जांभा

+१००

आणि हवेचं? काही झालंच तर वारा कुठे नेईल?

सड्यावरचा

याचेही कोड आहेत. पण सपाट माळरानावर, एकाच दिशेच्या वाऱ्यात चालणारं सोपं गणित कोकणात चालत नाही. दिवसा खारा वारा आत, रात्री मतलई बाहेर. पंचवीस-तीस मैलांवर सह्याद्रीची भिंत. सकाळी समुद्रावर गेलेलं दुपारी परत येऊ शकतं. आपल्याकडे आणीबाणीचा आराखडा वर्षानुवर्षं १६ किलोमीटरच्या वर्तुळावर बेतला गेला. वारा वर्तुळ पाळत नाही.

जपानकडे यासाठी स्पीडी नावाची यंत्रणा होती. फुकुशिमाच्या अपघातानंतर ती चालली, वारा किरणोत्सार कुठे नेईल याचे नकाशे निघाले. पण भट्टीतून नेमकं किती सुटतंय हे माहीत नाही म्हणून ते लोकांपर्यंत वेळेत गेलेच नाहीत. नामिए गावचे लोक वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन थांबले. किरणोत्सार त्याच बाजूला गेला होता.

सरळसोट

मघाशी तावातावाने लिहिलं, सॉरी. पूर्ण धागा वाचला. एक विचारतो: नव्या भट्ट्यांत हे सगळं धरलेलं नाही का? कोअर कॅचर वगैरे ऐकलंय.

सड्यावरचा

बरंच धरलंय. ईपीआरमध्ये दुहेरी कवच, थंड करण्याच्या चार वेगवेगळ्या इमारतींतल्या यंत्रणा (नरोराच्या केबली आठवा), आणि वितळलेलं इंधन पसरून थंड व्हावं म्हणून खाली खास जागा, तोच कोअर कॅचर. चीनमध्ये ताईशानला दोन चालू आहेत, फिनलंडची ओल्किलुओतो २०२३ मध्ये नियमित वीज देऊ लागली, फ्रान्सची फ्लामाँव्हिल डिसेंबर २०२४ मध्ये ग्रिडला जोडली गेली. शेवटच्या दोन्हींना बारा वर्षं किंवा त्याहून जास्त उशीर झाला, हेही खरं.

पण आकडे आत कोण घालतं बघा. बाहेरची वीज गेली तर किती तासांत परत येईल? फ्रान्समधला आकडा तिथल्या ग्रिडचा. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात किती दिवस अंधार होता, ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल.

कैरी

आमच्या आजोळी तीन आठवडे. मेणबत्त्या संपल्या, मग करंजेलाचे दिवे लावले.

फळा-खडू

अवांतर, पण थोडं सवांतरही. भूकंपाच्या बाबतीत आपण महाराष्ट्रवाले जगाला विदा (डेटा) पुरवून बसलोय. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात धरणाला तडे गेले, आणि हादऱ्याची नोंदही धरणातच बसवलेल्या यंत्राने घेतली. तडे कुठे गेले ते माहीत, हादरा कसा होता ते माहीत. म्हणून काँक्रीटच्या मोठ्या बांधकामाचा कोड नवा लिहिला की अजूनही त्याला कोयनेवर चालवून बघतात. माझ्या एका विद्यार्थ्याला परदेशात पहिल्याच असाइनमेंटमध्ये कोयना आली, तो पाटणचा आहे. रात्री दोनला फोन केला त्याने.

गलबत

एक राहिलं. सहाशे घनमीटर पाणी दर सेकंदाला आत ओढणार म्हणता. जेलीफिश आली तर? आमच्या जाळ्यात भरतात तेव्हा जाळं वर घेता येत नाही, कापून टाकावं लागतं.

सड्यावरचा

हा प्रश्न मला नोकरीत असताना कुणी विचारला नाही, आणि विचारायला हवा होता. २०१३ मध्ये स्वीडनच्या ओस्कार्शाम्नला १४०० मेगावॉटची भट्टी जेलीफिशमुळे बंद करावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या ग्राव्हलिनला गाळणीत जेलीफिश भरून चार भट्ट्या आपोआप थांबल्या. धोका झाला नाही, ठरल्याप्रमाणे थांबल्या. पण काही तासांत चार, एकाच कारणाने. नरोराच्या केबलींसारखंच.

आपल्याकडे त्या कधी येतात? म्हणजे महिना, पाण्याचा रंग, वारा, काहीही सांगा. लिहून घेतो.

गलबत

पावसाळो सरलो काय येतत. पण वर्षावर्षाचा येगळा असता. गेल्या साली थोडी होती, त्याआधी दोन जाळी फुकट गेली. वाडीत एक आजोबा आसत, ते वहीत लिवन ठेवतत. कुठल्या तिथीक काय गावला, पाणी कसा होता. किती वर्सांचा ता माका म्हायत नाय, पण वही जाडी असा. विचारतंय.